कागदावरचे साप

खोली भाड्याने बघायला गेले तेव्हा सरांनी मला जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही आणि मटण-मासळी खाते का, तेही विचारलं नाही. तालुक्याच्या गावात एकट्या नर्सला खोली देताना हे तीन प्रश्न ठरलेले असतात. तिन्हींची उत्तरं मी रस्त्याने घोकत आले होते. सरांनी कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली आणि म्हणाले, "आतापर्यंत पाह्यलेला एखादा साप काढा."

मी माजरीची, कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत वाढलेली. आमच्याकडे साप निघाला की चार बाप्ये फावडी घेऊन धावत आणि आम्ही पोरं खाटेवर चढून ओरडत असू. त्यामुळे मी पाहिलेले साप बहुतेक फावड्याखालचेच होते. पण खोली हवी होती, म्हणून काढला. वळणं काढली, जीभ काढली, फणा काढला, फण्यावर दहाचा आकडा काढला. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद लांब धरून पाहिला आणि फण्यावर फुली मारली. मग जिभेवर मारली. "हे तुमचं भेव आहे," ते म्हणाले. "ते काढून टाकलं का खाली उरली ती धामण. दहापैकी तीन." आणि किल्ली दिली. मला राग आला होता. शाळेतसुद्धा मला चित्रकलेत तीन कधी पडले नव्हते.

गावाचं नाव सांगत नाही. चंद्रपूरहून मूलला जाणाऱ्या रस्त्यावरचं, धानाच्या गिरण्या असलेलं गाव, एवढं पुरे. सर अजून आहेत आणि स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना खपत नाही. एकदा पेपरात त्यांना कोणी 'सर्पमित्र' लिहिलं, तर ते त्या पत्रकाराच्या घरी गेले आणि आपली कोणत्याही सापाशी मैत्री नाही, असं त्याच्या बायकोला सांगून आले. पत्रकार घरी नव्हता. सर चित्रकलेचे मास्तर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात सगळी नोकरी गेली. बायको वारलेली, मुलगी पुण्याला. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, भजनी मंडळात जातात. सर गावातल्या लोकांकडून साप काढून घेत बसले.

कोणाच्या घरात, वाडीत, बागेत जनावर दिसलं की एकजण काठी शोधायला जाई आणि एकजण सरांकडे धावे. सर जागेवर क्वचितच जात. आलेल्याला ओट्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, कागद द्यायचा. तो धापा टाकत सांगू लागला की सर बोट ओठावर ठेवत. "तोंडानं माणूस लय खोटं बोलते. हात इतकं नाई बोलत. काढ." कागदाखाली ते कार्बन घालत. वरचा कागद ज्याचा त्याला, खालची नक्कल सरांकडे. चित्र झालं की त्यावरच निकाल लिहीत, सापाचं नाव, विषारी का बिनविषारी, काय करायचं ते दोन ओळींत, आणि कोपऱ्यात गोल करून गुण. साप घरात आणि हा माणूस गुण देतोय, याचा लोकांना आधी संताप यायचा. पण गुण पाहिल्यावर माणूस थोडा शुद्धीवर येतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं. एका फौजदाराला दोन मिळाले होते. तो वाढवून द्या म्हणून भांडत होता आणि तेवढ्या वेळात त्याच्या क्वार्टरमधला साप आपणहून निघून गेला.

भीतीचं त्यांचं एक गणित होतं. बाईने पाच हात सांगितला तर ते अडीच धरत, पुरुषाने सांगितला तर दीड. काळा रंग सांगितला तर ऊन होतं की सावली, ते विचारत. डोळे लाल होते असं सांगणाऱ्याला म्हणत, "म्हंजे तू डोळे पाह्यलेच नाई." साप निघून जाताना कसा गेला हे ते हमखास विचारत. येताना साप सगळ्यांना अंगावरच आलेला वाटतो, म्हणून येण्याचं ते धरतच नसत.

आणि स्वतः सर सापाला हात लावत नसत. कधीच नाही. साप सोडा, अंगणातली रबरी नळी ओढायची असली तरी ते मला हाक मारत. हे त्यांनी लपवलं नाही. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाले, "मले भेव वाटते, बापा. भेव वाटते म्हनून तं ओळखाले शिकलो." पुढे पुढे गावात चिमटे आणि मोबाइल घेतलेली पोरं निघाली. साप धरून, गळ्याजवळ नेऊन फोटो काढत. ती आली की सर घरात जाऊन दार लावून घेत. पकडायची गरज पडली तर वनखात्याला कळवा, नाहीतर बाजूला व्हा आणि त्याला वाट द्या, असं त्यांचं म्हणणं. त्या पोरांमधले दोघे त्यांचेच विद्यार्थी होते आणि दोघांचाही हात चांगला होता, याचं सरांना जास्त वाईट वाटे.

न्हाणीघरात एक कवड्या साप होता. माझ्या वरच्या नाही, सरांच्या खालच्या न्हाणीघरात, मोरीच्या वरच्या दगडाच्या फटीत. पाली खायला रात्री भिंतीने चढायचा. वरचं पाणी गेलं की मी तिथे आंघोळ करायचे; पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा बादली टाकून ओल्या अंगाने टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि त्यानंतर आठ दिवस सरांशी नीट बोलले नाही. सरांनी मला टॉर्च घेऊन परत नेलं. "पट्टे कुठून सुरू होते, ते पाह," म्हणाले. "मानेपासून. तिथी ठळक, न शेपटाकडे जाता जाता पुसल्यासारखे होते. हा कवड्या. मण्यारचं उलटं. मानेजवळ काई नाई, कोरं, न खाली शेपटापर्यंत पट्टे पक्के. एक पाली खाते, दुसरी माणसाले झोपेत मारते. एवढाच फरक ध्यानात ठेव." ठेवला. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला तो ठेवावाच लागतो.

सरांचं खरं काम मी गिरणीच्या वेळी पाहिलं. एका राइस मिलमध्ये कोंड्याच्या पोत्यांमागे जनावर निघालं आणि काम थांबलं. मुकादम म्हणाला, अजगराचं पिल्लू आहे, उचलून नाल्यात टाका. एक हमाल टाकायला तयारही झाला. पण गिरणीवाल्याला धीर नव्हता, त्याने तिघा हमालांना सरांकडे पाठवलं. सरांनी तिघांना ओट्याच्या तीन कोपऱ्यांत बसवलं आणि परीक्षेत सांगावं तसं सांगितलं, एकमेकांचं पाहू नका. एकाने दोरी काढली. दुसऱ्याने जाड अंग आणि त्यावर साखळीसारखे तीन ओळींत ठिपके काढले. तिसऱ्याने एक गोळा काढला आणि पेन्सिल ठेवून दिली. सर त्या गोळ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्याला विचारलं, वाजला का? हमाल म्हणाला, "हो न. कुकरवानी. शिटी व्हाच्या आंधी वाजते तसा."

सर उठले आणि चपला शोधू लागले. मी तिथे राहिलेल्या वर्षांत त्यांना घाईने उठताना तेव्हाच पाहिलं. आमच्याकडे जिला परड म्हणतात, पुस्तकात घोणस, ती होती. अजगराचं पिल्लू समजून तिला उचलणारे लोक दरवर्षी दवाखान्यात येतात, आणि मुकादमाचा हमाल पोती सरकवायला पुढे झालाच होता. सरांनी गिरणीतली सगळी माणसं फाटकाबाहेर काढली, वनखात्याची माणसं येईपर्यंत स्वतः फाटकात खुर्ची टाकून बसले आणि मुकादमाला आत जाऊ दिलं नाही. परड निघाली, जंगलात गेली. तिन्ही हमालांना गुण मिळाले, गोळा काढणाऱ्याला सर्वांत जास्त, सहा. ठिपकेवाला रुसला. सरांनी त्याला सांगितलं की तू डोळ्यांनी पाह्यलं, यानं कानानं ऐकलं आन् हातानं काढलं. त्याला ते पटलं नाही, आणि मलाही पटलेलं नव्हतं.

आमच्या दवाखान्यात सरांच्या चिठ्ठ्या यायच्या. कोणाला ओरखडा उठला, कोणाला नुसता संशय, तरी लोक चिठ्ठी खिशात घालून यायचे. आमचे डॉक्टर साताऱ्याकडचे, तरुण. ते म्हणत, "सिस्टर, तुमच्या घरमालकांचं प्रिस्क्रिप्शन आलंय." त्यांना ती आवडत नसे. कोणता साप ते पेशंटच्या अंगावर बघायचं, कागदावर नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मनातून हसायचे. तीन वर्षांत सरांचा एकही कागद चुकलेला मी पाहिला नव्हता, आणि घरमालक इतका हुशार असल्याचा मलाच तोरा होता.

ताराबाई नगर परिषदेच्या बागेत झाडलोट करायची. पाणी देणं, पालापाचोळा उचलणं, सुटलेली ढोरं हाकलणं सगळं तिच्याकडे. बागेच्या मागच्या कोपऱ्यात अवजारांची खोली होती, तिच्याच अर्ध्या भागात ती राहायची. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची, पन्नाशी ओलांडलेली, नवरा नाही, मुलगा हैदराबादला कामावर. बोलायची कमी. सर रोज सकाळी त्या बागेत तीन फेऱ्या मारत. वर्षानुवर्षं मारत होते. "काय ताराबाई," एवढं म्हणत आणि पुढे जात. ती झाडू थांबवून त्यांना जाऊ देई.

पावसाळा सरता सरता एका सकाळी ती सरांच्या ओट्यावर आली. खोलीत चटयांच्या चवडीमागे जनावर आहे, म्हणाली. सरांनी नेहमीसारखा कागद दिला. संध्याकाळी मी ड्युटीवरून आले तेव्हा सर नक्कल हातात घेऊन बसलेले. मला चहासुद्धा विचारला नाही, नक्कल पुढे केली. इतका सुंदर साप त्या ओट्यावर कोणी काढला नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच रेघ, कुठे हात उचललेला नाही, कुठे थरथर नाही. एका बाजूला पट्टे ठळक आणि दाट, मग विरळ होत होत शेवटी कोरं. जीभ नाही, फणा नाही. भीतीचं नावच नाही. "असा हात मी नोकरीत पाह्यला नाई," सर म्हणत होते. "आन् ही बाई माह्या डोळ्यासमोर झाडू मारत होती." पट्टे इकडून सुरू, तिकडे पुसले, म्हणजे कवड्या. मी पाहिलं आणि म्हणाले, कवड्याच. मला तो फरक येत होता, म्हणून मी मोठ्या दिमाखात म्हणाले. वरच्या कागदावर त्यांनी लिहून दिलं होतं, कवड्या, बिनविषारी, पाली खातो, दार उघडं ठेवा, जाईल. कोपऱ्यात आठ. दोन का कापले विचारलं तर म्हणाले, तोंड काढायला विसरली.

नेहमीचे प्रश्न त्यांनी तिला विचारलेच नव्हते. चित्रच इतकं बोलत होतं की गरज वाटली नाही, असं ते नंतर म्हणाले.

दोन दिवसांनी सकाळी मी चार्ज घेत होते तेव्हा ताराबाई दवाखान्यात आली. चालत आली. पोट धरलेलं होतं. पोट दुखते, घशात कायतरी अडकल्यावानी वाटते, म्हणाली. रात्री काय खाल्लं विचारलं, तर अंबाडीची भाजी आणि भात. काही चावलं का विचारलं. पहाटे हातावरून काहीतरी गेल्यासारखं वाटलं होतं, पण दुखलं नाही, सूज नाही, खूण नाही. "तो घरचाच आहे, बाई. कवड्या. सरनं लिहून देल्लं," असं म्हणून तिने पदराच्या गाठीतून कागद काढला.

मी हात पाहिला. खरोखर काही नव्हतं. पहाटेची पोटदुखी, जमिनीवर झोपणारी बाई, खूण नसलेला हात, हे तिन्ही एकत्र आले की कशाचा संशय घ्यायचा, हे मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. कागद नसता तर मी तिला तशीच आत नेली असती. कागद होता, म्हणून मी तिला बाकावर बसवलं, अ‍ॅसिडिटी असेल म्हणाले आणि चार्जचं रजिस्टर पुरं करायला गेले. पंधरा मिनिटं ती तिथे बसली. त्या पंधरा मिनिटांची मला अजून लाज वाटते.

गोळी आणि पाणी घेऊन आले तर पाणी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून खाली आलं. गिळता येत नव्हतं. माझ्याकडे पाहण्यासाठी तिने बोटाने स्वतःची पापणी वर धरली. मी डॉक्टरांना हाक मारली आणि ते येईपर्यंतच्या क्षणात तो कागद पुन्हा उघडला. काय शोधत होते कुणास ठाऊक. कागदाने मला फसवलं असं तोवर वाटत होतं बहुतेक. मी तिला विचारलं, "ताराबाई, याचं तोंड कुठी आहे?"

तिने बोट कोऱ्या टोकावर ठेवलं. "इथी."

"मग काढलं काऊन नाई?"

"तोंड काढाचं नसते, बाई." जीभ जड झाली होती, शब्द सुटे सुटे येत होते. "माय सांगे. शेपटाकडून काढाचं, न तोंडाच्या आंधी थांबाचं. तोंड काढलं का ते आपल्याले पाह्यते."

डॉक्टरांनी कागद पाहिला नाही, डोळे पाहिले. सलाईन लागलं, विषावरचं औषध सुरू झालं. अर्ध्या तासात तिचा श्वास उथळ झाला तेव्हा डॉक्टरांनी घशात नळी घातली. चंद्रपूरला न्यायचं ठरलं. गाडीत मी होते. नळीला लावलेला रबरी फुगा हाताने दाबत राहायचं, तेवढाच तिचा श्वास. एक दाब, थांबा, एक दाब. बागेत ती ढोरं हाकलताना ओरडायची तो आवाज आठवत होता, आणि मी दाबत होते. चंद्रपूरला तिथल्या सिस्टरने फुगा माझ्या हातातून घेतला तेव्हा माझी बोटं उघडत नव्हती.

दुपारी परत आले तर सर फाटकात उभे. गावात बातमी माझ्या आधी पोहोचली होती. बागेच्या खोलीत चटयांमागे वनखात्याच्या माणसांना मण्यार सापडली होती, ती त्यांनी नेली होती. सरांनी विचारलं, ताराबाई वाचन का? मी म्हणाले, माहीत नाही, मशीनवर आहे. मग मी तो कागद दिला आणि तिने कुठे बोट ठेवलं ते दाखवलं. सरांनी कागद हातात उलटा फिरवला. पट्टे जिथे होते तिथे राहिले, साप बदलला. मानेजवळ कोरा, शेपटापर्यंत पट्टे पक्के. शाळेच्या पहिल्या बाकावरच्या पोरालाही ओळखता आला असता.

"कागद नसता तं तू तिले बाकावर बसवलं असतं का?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणाले.

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं. पण मीही कवड्याच म्हटलं होतं, सर."

"तू मी शिकवलं तसं म्हटलं," ते म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवशी सरांनी नकलांच्या फायली उघडल्या. इतक्या वर्षांचे सगळे कागद घरभर पसरले, आणि एकेक घेऊन ते उलटा करून पाहत बसले. जेवण मी वरून आणून देत होते, ते तसंच राही. ताराबाईचा सोडून तोंड नसलेले नऊ कागद निघाले. नऊही जणांचे गुण कापलेले होते. सर त्या नवांच्या घरी पायी गेले. बहुतेकांनी घाईत तोंड काढलंच नव्हतं, बस, विसरले होते. गावाच्या टोकाला राहणारा एक म्हातारा मात्र म्हणाला की त्याच्याही घरी तोंड काढत नाहीत. सरांनी त्याला विचारलं, मग तेव्हा सांगितलं का नाही. म्हातारा म्हणाला, "तुमी मार्क कापले तवा मले वाटलं तुमाले माहीत असन, न तरी कापले." सुदैवाने त्याच्याकडे तेव्हा निघाला होता तो साधा पाण्यातला दिवड होता, तो कोणत्याही टोकाकडून दिवडच राहतो. सर हे मला सांगताना हसले नाहीत. मी हसले, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

आठवड्याने ताराबाईची नळी निघाली. आणखी काही दिवसांनी तिचा मुलगा तिला घेऊन आला. नगर परिषदेने खोलीची फट बुजवून दिली, एक लोखंडी खाट दिली. गावातले लोक भेटून आले, डॉक्टर जाऊन आले, मी रोज जात होते. सर गेले नाहीत. सकाळच्या फेऱ्याही त्यांनी बंद केल्या. नऊ घरी गेलेला माणूस त्या बागेच्या फाटकापर्यंत जाई आणि वळून येई. तिला भेटायची भीती वाटते, हे त्यांनी मला सरळ सांगितलं. सापाची नाही वाटली एवढी, म्हणाले.

एका रविवारी मीच त्यांना घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिशात तो कागद होता. ताराबाई खोलीच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसली होती. अजून अशक्त होती, पण झाडू जवळ ठेवलेला होता, आणि कोणी पाला टाकला की ओरडायचंही सुरू झालं होतं. सर तिच्यासमोर उभे राहिले. कागद काढला, उलगडला, आणि शाळेतल्या पोराने कबुली द्यावी तशी सगळी चूक सांगितली. तोंड नव्हतं तेव्हाच थांबायला हवं होतं, गुण कापायची अक्कल झाली पण विचारायची झाली नाही, वगैरे. शेवटी माफ कर म्हणाले. 

ताराबाईने सगळं ऐकून घेतलं. ती रागावलेली दिसत नव्हती. ती म्हणाली, "तुमी गावभर लोकाईले इचारत राह्यता, सर. कसा गेला, कसा वाजला. मले काईच नाई इचारलं. माह्या हातातून कागद घेतला, न कागदालेच इचारत बसले. मी तिथीच होती."

 सरांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिले, पण त्या गावात त्यांनी ताराबाईला 'तुम्ही' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"आता इचारतो," सर म्हणाले. "तुमी बसा."

"मी बसूनच आहो," ताराबाई म्हणाली. "तुमी बसा."